श्रीमंत राष्ट्रांच्या परिषदा आणि कोरडवाहू शेतकरी
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



बी-बियाणे, खते, कीड-रोग या विषयांवर आपण नेहमी ऐकता व वाचता. आजचा विषय थोडा वेगळा आहे. जगातील श्रीमंत राष्ट्रांचे प्रमुख दरवर्षी एकत्र बसतात, गरीब देशांना मदत देण्याच्या आणि हवामान बदल थोपविण्याच्या घोषणा करतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात "अमुक अब्ज डॉलरची मदत जाहीर" असा मथळा येतो. आपण तो वाचतो आणि पान उलटतो.

वास्तविक हा मथळा आपल्याशी संबंधित आहे. पाऊस वेळेवर न पडणे, पडला तर एकाच दिवसात कोसळणे, ऐन फुलोऱ्यात उष्णतेची लाट येणे, या गोष्टी पृथ्वीच्या वाढत्या तापमानाशी जोडलेल्या आहेत. त्याला तोंड देण्यासाठी लागणारा पैसा कोणी द्यायचा, किती द्यायचा आणि केव्हा द्यायचा, हे या परिषदांत ठरते. म्हणून सोसायटीच्या कर्जमंजुरीचा कागद आपण जसा नीट वाचतो, तसाच या घोषणांचा कागदही वाचता आला पाहिजे. तो कसा वाचावा, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू.

शंभर रुपयांतील सत्तर पैसे

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १९७० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एक ठराव केला. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम गरीब देशांच्या विकासासाठी द्यावी, असा तो ठराव होता. म्हणजे शंभर रुपयांच्या उत्पन्नातील सत्तर पैसे. हे उद्दिष्ट त्याच दशकाच्या मध्यापर्यंत गाठायचे होते. आज पन्नास वर्षे उलटून गेली. २०२४ साली ते गाठणारे देश होते फक्त चार : डेन्मार्क, लक्झेंबर्ग, नॉर्वे आणि स्वीडन. सर्व श्रीमंत देणगीदार देशांची सरासरी काढली तर ती त्या वर्षी शंभर रुपयांत तेहतीस पैसे भरली.

श्रीमंत राष्ट्रांची परिषद सुरू झाली १९७५ साली, फ्रान्समधील रांबुये येथे. त्या वेळी सहा देश होते. १९७६ साली कॅनडा आल्यावर 'जी-७' झाले, पुढे रशिया आल्यावर 'जी-८' झाले, आणि २०१४ साली रशियाला बाजूला ठेवल्यावर पुन्हा 'जी-७' राहिले. या गटाला स्वतःचे कार्यालय नाही, कायदा नाही, आणि दिलेला शब्द मोडल्यास दंडही नाही. ही गोष्ट पुढील सर्व हिशोबात लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

ग्लेनईगल्सची परिषद

आता आपले उदाहरण. ६ ते ८ जुलै २००५ या काळात स्कॉटलंडमधील ग्लेनईगल्स येथील हॉटेलात जी-८ ची परिषद भरली. यजमान ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी दोनच विषय पुढे ठेवले होते : आफ्रिकेची गरिबी आणि हवामान बदल. भारत, चीन, ब्राझील, मेक्सिको व दक्षिण आफ्रिका या देशांनाही निमंत्रण होते. भारतातर्फे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग उपस्थित होते.

या परिषदेमागे लोकांचा मोठा दबाव होता. २ जुलै रोजी एडिंबरो शहरात दोन लाखांच्या आसपास लोकांनी मोर्चा काढला. त्याच दिवशी जगातील अनेक शहरांत 'लाईव्ह ८' नावाचे गाण्यांचे कार्यक्रम झाले. गरिबी हटवा, गरीब देशांची कर्जे माफ करा, ही त्यांची मागणी होती. ७ जुलैला लंडनमध्ये बाँबस्फोट होऊन ५२ निरपराध माणसे मृत्युमुखी पडली. ब्लेअर लंडनला धावले व संध्याकाळी परत आले. परिषद मात्र थांबली नाही.

परिषदेने दिलेले मुख्य शब्द तीन होते.

१) कर्जमाफी : १८ अतिगरीब देशांवर जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व आफ्रिकन विकास बँक यांचे असलेले सुमारे ४० अब्ज डॉलरचे कर्ज माफ करणे. (१ अब्ज म्हणजे १०० कोटी.) या १८ पैकी १४ देश आफ्रिकेतील होते.

२) मदतवाढ : २००४ च्या तुलनेत २०१० पर्यंत जगातील विकास-मदत वर्षाला ५० अब्ज डॉलरने वाढविणे. त्यातील निम्मी वाढ, म्हणजे २५ अब्ज डॉलर, आफ्रिकेसाठी.

३) हवामान : तापमानवाढीस मानवी व्यवहार मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहेत हे मान्य करणे आणि भारत, चीन यांसारख्या देशांशी संवाद सुरू ठेवणे.

यातील पहिल्या शब्दाला रक्कम होती. दुसऱ्याला रक्कम आणि तारीख दोन्ही होत्या. तिसऱ्याला दोन्हींपैकी काहीच नव्हते. धूर किती कमी करायचा आणि केव्हापर्यंत, याचा एकही आकडा त्यात नव्हता. वास्तविक क्योटो करार त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला अमलात आला होता, परंतु अमेरिकेला तो मान्य नव्हता. त्यामुळे सर्वांना चालेल अशी गुळमुळीत भाषा वापरली गेली.

जमाखर्च काय सांगतो?

पाच वर्षांनी २०१० साली हिशोबाची वेळ आली. हा हिशोब ठेवण्याचे काम आर्थिक सहकार्य व विकास संघटना (ओईसीडी) करते.

प्रथम जमेची बाजू पाहू, कारण ती खरी आहे. कर्जमाफी झाली. झांबिया देशाने त्यामुळे मोकळा झालेला पैसा हाताशी धरून एप्रिल २००६ पासून ग्रामीण दवाखान्यांतील शुल्क रद्द केले. एड्सवरील औषधे सर्वांना मिळावीत हेही ग्लेनईगल्सचे एक उद्दिष्ट होते. ते पूर्ण झाले नाही, तरी २०१० अखेर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील ६० लाखांहून अधिक रुग्णांना ही औषधे मिळू लागली होती. ब्रिटनने आपला सत्तर पैशांचा वाटा २०१३ साली पूर्ण केला. तेव्हा सर्व मदत म्हणजे धूळफेक, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

आता नावे बाजू. २००४ साली मदत होती सुमारे ८० अब्ज डॉलर. ती १३० अब्जांवर न्यायची होती. २०१० साली एकूण मदत सुमारे १२९ अब्ज डॉलर भरली. वरवर पाहता शब्द पाळला गेला असे वाटते. परंतु १३० चा आकडा २००४ च्या किमतीत होता आणि १२९ चा आकडा २०१० च्या किमतीत. सहा वर्षांपूर्वी शंभराच्या नोटेत जेवढे खत येत होते तेवढे आज येत नाही, हे आपणास वेगळे सांगायला नको. भाववाढ वजा केल्यावर सुमारे १९ अब्ज डॉलरचा खड्डा निघाला. जागतिक मंदीमुळे श्रीमंत देशांचे उत्पन्न घटले हे त्याचे कारण सांगितले गेले, पण ओईसीडीच्या हिशोबाप्रमाणे मंदीचा वाटा त्यात अगदी थोडा होता. बाकीचा पैसा दिलाच गेला नव्हता. आफ्रिकेला मिळावयाच्या २५ अब्जांच्या वाढीपैकी जेमतेम ११ अब्ज पोहोचले.

आणखी एक गोष्ट पहा. २००५ साली मदतीचा आकडा एकदम वाढून १०० अब्जांच्या वर गेला. याचे कारण काय? इराकचे सुमारे १४ अब्ज डॉलरचे व नायजेरियाचे ५ अब्जांहून अधिक कर्ज त्या वर्षी माफ झाले आणि ती रक्कम मदत म्हणून धरली गेली. कर्जमाफीचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु सात-बारावरील बोजा उतरला म्हणून पेरणीसाठी हातात रोख पैसा येतो असे नाही. बोजा उतरविणे वेगळे आणि नवे भांडवल मिळणे वेगळे. हिशोबात दोन्ही एकाच रकान्यात लिहिले, तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

नायजरची बाजरी

ग्लेनईगल्सला चर्चा चालू होती, त्याच आठवड्यात आफ्रिकेतील नायजर या देशात काय चालले होते ते पाहणे उद्बोधक आहे. (नायजर आणि नायजेरिया हे शेजारी असले तरी वेगळे देश आहेत.) नायजर सहारा वाळवंटाच्या काठावर आहे. तेथील मुख्य पीक बाजरी. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे असलेल्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेचे एक केंद्र नायजरच्या राजधानीजवळही आहे, ते या पिकामुळेच. शेती पूर्णपणे पावसावर अवलंबून. तेव्हा तेथील शेतकऱ्याची अडचण आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला चटकन समजेल.

२००४ साली तेथे पाऊस लवकर संपला आणि टोळधाड आली. धान्याचे उत्पादन घटले. घट फार मोठी नव्हती, पण बाजरीचे भाव चढत गेले. चाराही नव्हता, त्यामुळे जनावरांचे भाव कोसळले. ज्यांचे पोट शेळ्या-गुरांवर चालते त्यांना एका बाजूला जनावर मातीमोलाने विकावे लागले व दुसऱ्या बाजूला बाजरी चढ्या भावाने घ्यावी लागली. दुष्काळात माणूस मोडतो तो असा, हे आपल्याकडेही घडलेले आहे.

संयुक्त राष्ट्रांनी नोव्हेंबर २००४ मध्येच मदतीचे पहिले आवाहन केले. महिने गेले, प्रतिसाद जवळजवळ मिळाला नाही. जुलै २००५ मध्ये भुकेल्या मुलांची छायाचित्रे दूरचित्रवाणीवर दिसू लागली, तेव्हा कोठे पैसा वाहू लागला. संयुक्त राष्ट्रांचे त्या वेळचे मदत-समन्वयक यान एगेलंड यांनी हिशोब मांडला, तो प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. वेळेवर मदत आली असती तर एका मुलाचे कुपोषण रोखण्यास दिवसाला १ डॉलर पुरला असता. उशीर झाल्यामुळे तेच मूल वाचविण्यास ८० डॉलर लागू लागले. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही किंमत आहे.

ग्लेनईगल्सच्या कर्जमाफीच्या १८ देशांत नायजरचे नाव होते. म्हणजे कागदावर नायजरला मदत जाहीर होत होती, आणि त्याच वेळी नायजरच्या खेड्यात धान्य नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. जाहीर झालेला पैसा व पोहोचलेला पैसा यांत किती अंतर असू शकते, हे यावरून दिसते.

याच नायजरमधून एक आशेची गोष्टही सांगण्यासारखी आहे. मराडी व झिंडर या भागांत १९८० नंतरच्या वर्षांत शेतकऱ्यांनी शेतात उरलेल्या जुन्या खोडांना फुटणारे धुमारे राखायला सुरुवात केली. पूर्वी झाड सरकारचे मानले जाई, तोडल्यास दंड होई, म्हणून कोणी ते वाढू देत नसे. हा बंधनाचा काच सैल झाला आणि झाड आपले आहे अशी खात्री पटली, तसा शेतकरी धुमारे जपू लागला. त्यांत बाभळीच्या कुळातील 'गाओ' नावाचे झाड विशेष उपयोगी ठरले. हे झाड पावसाळ्यात पाने गाळते, त्यामुळे बाजरीवर सावली पडत नाही. उन्हाळ्यात ते हिरवे राहते व शेंगा जनावरांना खाद्य होतात. गळलेल्या पानांनी जमीन सुधारते. काही दशकांत सुमारे ५० लाख हेक्टर क्षेत्रावर अशी झाडे उभी राहिली. यासाठी रोपवाटिका लागली नाही की अब्जावधी डॉलर लागले नाहीत. बाहेरून आले ते थोडे मार्गदर्शन, बाकी काम शेतकऱ्यांचे.

याचा अर्थ मदत नको असा कोणी घेऊ नये. पैसा थोडा असला तरी वेळेवर आणि योग्य जागी पडला तर काम करतो, हे यातून दिसून येते.

मदत की देणे?

येथे एक मूलभूत प्रश्न येतो. हवामानासाठी श्रीमंत देश जो पैसा देतात तो दानधर्म आहे की देणे आहे?

कोळसा व खनिज तेल जाळून जो वायू हवेत जातो तो शेकडो वर्षे तेथे राहतो. श्रीमंत देशांनी हे जाळणे दोनशे वर्षांपूर्वी सुरू केले. २००५ साली अमेरिकेतील एका माणसामागे वर्षाला सुमारे २० टन कार्बन डाय-ऑक्साईड हवेत जात होता. नायजरमधील माणसामागे हे प्रमाण एका टनाहूनही कितीतरी कमी होते. वरच्या शेताचे पाणी सोडल्याने खालच्या शेताचा बांध फुटला, तर वरच्याने बांध घालून देणे याला आपण गावात भरपाई म्हणतो, दान म्हणत नाही. १९९२ साली रिओ येथे झालेल्या हवामानविषयक करारात हेच तत्त्व वेगळ्या शब्दांत आहे : जबाबदारी सर्वांची, पण सर्वांची सारखी नाही.

म्हणूनच जुनी विकास-मदत आणि नवा हवामान-निधी हे दोन वेगळे रकाने असावेत, अशी गरीब देशांची मागणी आहे. शाळा-दवाखान्याच्या मदतीतून काढून तोच पैसा हवामानाच्या नावाने दाखविला, तर एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकल्यासारखे होते.

ग्लेनईगल्सनंतर

पुढील वर्षांत काय झाले ते थोडक्यात पाहू.

२००९ साली इटलीत लाक्विला येथील परिषदेत शेतीला प्रथमच मोठे स्थान मिळाले. त्याला कारणही होते. जागतिक बँकेच्याच अहवालानुसार १९७९ साली एकूण विकास-मदतीतील १८ टक्के वाटा शेतीला मिळत होता, तो २००४ साली साडेतीन टक्क्यांवर आला होता. म्हणजे ज्या देशांतील बहुतेक लोक शेतीवर जगतात त्यांना शेती सोडून इतर सर्व गोष्टींसाठी मदत मिळत होती. २००८ साली जगभर धान्याचे भाव भडकले तेव्हा ही चूक उमगली. लाक्विला येथे तीन वर्षांत २० अब्ज डॉलर शेतीसाठी जाहीर झाले, पुढे आकडा २२ अब्जांवर गेला. मात्र त्यात खरोखर नवीन रक्कम होती ६ अब्जांच्या आसपास. बाकीची आधीच ठरलेली होती.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोपनहेगन येथे श्रीमंत देशांनी शब्द दिला : २०२० पासून गरीब देशांना हवामानासाठी दरवर्षी १०० अब्ज डॉलर. २०२० साली प्रत्यक्षात जमले सुमारे ८३ अब्ज. हे उद्दिष्ट गाठले गेले २०२२ साली, म्हणजे दोन वर्षे उशिराने. त्या वर्षी सुमारे ११६ अब्ज डॉलर भरले. परंतु त्यातील सरकारी पैशापैकी दोनतृतीयांशांहून अधिक रक्कम कर्जरूपाने होती. पीक, पाणी, घरे बदलत्या हवामानात तग धरतील अशा कामांना, ज्याला अनुकूलन म्हणतात, मिळाले सुमारे ३२ अब्ज.

२०२२ साली शर्म-अल-शेख येथे हानी व नुकसान निधी मान्य झाला व पुढील वर्षी दुबईत तो सुरू झाला. त्यासाठी मिळालेली सुरुवातीची आश्वासने एकत्र केली तरी १ अब्ज डॉलरही होत नव्हते. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे नवे उद्दिष्ट ठरले. गरीब देशांची मागणी १,३०० अब्जांची होती. भारताच्या प्रतिनिधीने तेथेच उभे राहून या निर्णयावर तीव्र नापसंती नोंदविली.

आणि अलीकडे वारे उलट दिशेने वाहू लागले आहे. २०२४ साली जगातील एकूण विकास-मदत सुमारे ७ टक्क्यांनी घटली. २०२५ साली अमेरिकेने आपली मदत देणारी संस्था यूएसएड बंद केली. ज्या ब्रिटनने सत्तर पैशांचा शब्द पाळून त्याचा कायदा केला होता, त्याने २०२१ साली तो वाटा पन्नास पैशांवर आणला आणि २०२७ पर्यंत तीस पैशांवर आणण्याचे जाहीर केले. तापमान वाढत असताना हात आखडला जात आहे, ही चिंतेची बाब आहे.

घोषणा कशी वाचावी?

यापुढे असा मथळा वाचाल तेव्हा स्वतःला चार प्रश्न विचारा.

१) आकडा नवा की जुना? आधी जाहीर केलेलीच रक्कम पुन्हा मोजली आहे का? भाववाढ धरली आहे का? ग्लेनईगल्स व लाक्विला या दोन्हींचा धडा हाच आहे.

२) अनुदान की कर्ज? कर्ज वाईट नाही, पण ते फेडावे लागते. ज्या नुकसानीला आपण कारण नाही, ते भरून काढण्यासाठी व्याजाने पैसे घ्यावे लागणे, याला मदत म्हणावे का, हा प्रश्न आहे.

३) तारीख कोणती व तपासणारा कोण? ज्या शब्दाला तारीख नाही तो शब्द शुभेच्छा समजावा. ज्याचा हिशोब दुसरा कोणी तपासत नाही, तो पाळला जाईलच असे नाही.

४) शेवटच्या शेतापर्यंत किती? आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीने (इफाड) प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१७-१८ या काळात जगात हवामानासाठी जो पैसा खर्च झाला, त्यातील अवघा १.७ टक्के लहान शेतकऱ्यांच्या वाट्याला आला. पाट भरून वाहिला तरी शेवटच्या चारीला पाणी येत नाही, तसा हा प्रकार आहे.

आपल्याकडील दोन उदाहरणे

बाहेरचा पैसा आपल्या राज्यातही आलेला आहे. जर्मन सरकारच्या अनुदानातून आणि नाबार्डमार्फत महाराष्ट्रात इंडो-जर्मन पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम राबविला गेला. ज्या गावाने श्रमदान केले, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली, त्या गावाला काम मिळाले. हे अनुदान होते.

दुसरे उदाहरण नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचे. हवामान बदलाला तोंड देण्यासाठी २०१८ साली विदर्भ, मराठवाडा व लगतच्या भागातील १५ जिल्ह्यांतील सुमारे पाच हजार गावांत तो सुरू झाला. शेततळे, ठिबक, शेडनेट, बीजोत्पादन यांसाठी त्यातून अनेकांना साहाय्य मिळाले. शेतकऱ्याच्या हाती ते अनुदान म्हणून आले. परंतु प्रकल्पासाठी जागतिक बँकेने दिलेले ४२ कोटी डॉलर हे कर्ज आहे. त्याची परतफेड सरकारी तिजोरीतून, म्हणजे अखेर आपल्याच करातून, व्हावयाची आहे. काम चांगले आहे, ते व्हायलाच हवे. पण पैसा कोणाचा आहे हे माहीत असलेला शेतकरी त्या शेततळ्याच्या कागदाची गळती लगेच बुजवील आणि कामाच्या दर्जाबद्दल अधिकाऱ्याला प्रश्नही विचारील.

आपण काय करावे?

परिषदेच्या दालनात आपण जाऊ शकत नाही. तरीही काही गोष्टी आपल्या हातात आहेत. आपल्या गावात बाहेरच्या निधीतून एखादी योजना आली तर ग्रामसभेत वरील चार प्रश्न विचारा. मंजूर रक्कम, झालेला खर्च व शिल्लक यांचा फलक गावात लावण्याचा आग्रह धरा. गावाचे रोजचे पाऊसमान व पेरणी, फुलोरा, काढणी यांच्या तारखा वहीत लिहून ठेवा. पाच-दहा वर्षांची अशी नोंद असली म्हणजे नुकसानीचा दावा करताना तिचा आधार होतो. आणि मदत येईल तेव्हा येईल, बांध-बंदिस्ती, उताराला आडवी पेरणी, आंतरपीक आणि बांधावरचे झाड या गोष्टी तिच्यासाठी थांबवू नयेत. नायजरच्या शेतकऱ्याने धुमारा राखला तो कोणत्याही परिषदेची वाट न पाहता.

त्याच वेळी आपले मागणे मात्र सोडू नये. लोकांचा दबाव होता तेव्हा ग्लेनईगल्सला कर्जमाफीचा शब्द मिळाला. पुढे लोकांचे लक्ष दुसरीकडे गेले आणि मदतवाढीचा शब्द अर्ध्यावर राहिला. शब्द देणाऱ्याला त्याची आठवण करून देणारा कोणी असेल, तरच तो पाळला जातो. हे काम वाचणाऱ्या, हिशोब समजणाऱ्या शेतकऱ्याचे आहे आणि आपण ते कराल अशी मला खात्री आहे.